सोळा गोळ्या की चोवीस?

हा लेख मी हौसेने लिहायला घेतला नाही. ही मला मिळालेली शिक्षा आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. गेल्या टर्ममध्ये माझ्या हातून एक चूक झाली. फ्रंट रोल मिळतील, नाहीतर ग्राउंडला दहा चकरा, अशी मनाची तयारी केली होती. पण आमच्या एम. आय. रूमच्या मेडिकल ऑफिसर मॅडमनी वेगळीच शिक्षा दिली. त्या म्हणाल्या, "या पाकिटात चोवीस गोळ्या का असतात, सोळा का नसतात, ते शोधून काढ आणि मॅगझिनमध्ये लिही. बाकीच्या कॅडेट्सनाही कळू दे."

त्याचे असे झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बाबांच्या पोस्टिंगच्या ठिकाणी, ईशान्य भारतात गेलो होतो. क्वार्टरच्या मागे ओढा आणि बांबूचे बन. रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत हाफ पँटवर फुटबॉल खेळायचो. बाबा रोज सांगायचे, "सूर्य मावळला की पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल." मी रोज हो म्हणायचो.

शाळेत परत आलो आणि सहाव्या दिवशी सकाळी पीटीच्या फॉल-इनमध्ये उभा असताना माझे दात वाजायला लागले. जुलैचा उकाडा होता, बाकीचे घामाघूम झाले होते, आणि मी थंडीने कुडकुडत होतो. आमच्या हाऊस कॅप्टनला वाटले, क्रॉस कंट्रीची प्रॅक्टिस चुकवायला मी सोंग करतोय. दुपारी ताप १०४ वर गेला तेव्हा त्यानेच मला खांदा देऊन एम. आय. रूममध्ये नेले.

तिथल्या नर्सिंग असिस्टंटना आम्ही सगळे उस्ताद म्हणतो. त्यांनी माझ्या बोटाला सुई टोचली, एक थेंब किटवर टाकला आणि एक काचपट्टीवर पसरला. किटवर दोन रेषा उमटल्या. मॅडमनी काचपट्टी मायक्रोस्कोपखाली लावली आणि मलाही बघू दिली. गुलाबी गोल गोल रक्तपेशी दिसत होत्या. त्यातल्या काहींच्या आत जांभळ्या खड्याची बारीक अंगठी असावी तसे काहीतरी होते. "हा प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम," मॅडम म्हणाल्या. "मलेरियाच्या परजीवींमधला सगळ्यांत घातक. वेळेवर आलास."

औषध म्हणून एक पाकीट मिळाले. चोवीस गोळ्या. प्रत्येक गोळीत दोन औषधे, आर्टिमेथर आणि ल्युमेफँट्रीन. एका वेळी चार गोळ्या, असे सहा डोस. पहिला लगेच, दुसरा आठ तासांनी, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. प्रत्येक डोससोबत ग्लासभर साय असलेले दूध, कारण पोटात स्निग्ध पदार्थ असला तर ल्युमेफँट्रीन रक्तात नीट उतरते. मला दूध आवडत नाही, पण उस्तादांपुढे बोलायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी मला हाऊसमध्ये सोडले. शेवटचे दोन डोस, म्हणजे आठ गोळ्या, सोबत दिल्या. चार दिवसांवर इंटर-हाऊस क्रॉस कंट्री होती. गोळ्यांनी पोटात ढवळत होते आणि ताप तर गेलाच होता. मी बरा झालो होतो, असे मला वाटले. त्या आठ गोळ्या मी लॉकरमध्ये बूट पॉलिशच्या डबीमागे ठेवून दिल्या.

लाइट्स आउटच्या आधी उस्ताद हाऊसमध्ये आले. म्हणाले, "रिकामी स्ट्रिप दाखव." मी खोटे बोलू शकलो नाही. ते ओरडले नाहीत. माझ्या कॉटवर बसले, चार गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि मेसमधून दूध मागवले. राहिलेल्या चार दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमसमोर घेतल्या. त्यानंतर चार आठवडे दर आठवड्याला माझे रक्त तपासले. सगळ्या काचपट्ट्या स्वच्छ निघाल्या. क्रॉस कंट्री मी मैदानाच्या कडेला बसून पाहिली.

म्हणजे माझ्या हिशेबाने सोळा गोळ्या पुरेशा होत्या. त्या का पुरेशा नाहीत, हे शोधायला लायब्ररीत बसलो आणि थेट चीनमध्ये जाऊन पोहोचलो, तेही एका गुप्त लष्करी प्रकल्पात.

युद्ध आणि ताप

मलेरिया आणि फौज यांचे नाते जुने आहे. मलेरियाचा परजीवी १८८० मध्ये माणसाच्या रक्तात पहिल्यांदा पाहिला तो अल्जीरियातल्या एका फ्रेंच लष्करी डॉक्टरने, अल्फोन्स लाव्हराँ यांनी. तो परजीवी डासाच्या पोटात सापडला १८९७ मध्ये, आपल्या सिकंदराबादला, आणि शोधणारे रोनाल्ड रॉस हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अधिकारी होते. दोघांनाही पुढे नोबेल मिळाले.

१९६० च्या दशकात व्हिएतनाममध्ये युद्ध पेटले होते. तिथल्या जंगलात गोळीपेक्षा ताप जास्त सैनिकांना आडवे करत होता. आतापर्यंत हमखास काम करणारे क्लोरोक्वीन तिथल्या फाल्सिपेरमवर चालेनासे झाले होते. अमेरिकेच्या लष्कराने नवे औषध शोधण्यासाठी दोन लाखांहून अधिक रसायने तपासली. उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली. २३ मे १९६७ रोजी बीजिंगमध्ये बैठक झाली आणि काम सुरू झाले. तारखेवरूनच त्याला नाव पडले, प्रकल्प ५२३. पाचवा महिना, तेविसावा दिवस. चीनभरातले पाचशेहून अधिक संशोधक यात गुंतले, पण बाहेर कोणाला पत्ता नव्हता.

काळ कठीण होता. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती चालू होती. शिकलेल्या लोकांकडे संशयाने पाहिले जाई आणि अनेक प्रयोगशाळा बंद पडल्या होत्या. अशा वेळी जानेवारी १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतील एका संशोधिकेवर एका गटाची जबाबदारी आली. त्यांचे नाव तू यूयू. चीनमध्ये आडनाव आधी लिहितात, म्हणून 'तू' हे त्यांचे आडनाव. (आमच्या डॉर्ममध्ये या नावावरून बरीच मस्करी झाली, ती इथे लिहीत नाही.) त्या तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. शिक्षण औषधनिर्माणशास्त्राचे. डॉक्टरेट नव्हती, परदेशी शिक्षण नव्हते. सोळाव्या वर्षी क्षयरोग झाल्याने त्यांची शाळा दोन वर्षे सुटली होती. आजारपणातून उठल्यावर औषधांचाच अभ्यास करायचा, असे त्यांनी ठरवले.

काम हाती घेतल्यावर त्या हैनान बेटावर मलेरियाचे रुग्ण पाहायला गेल्या. पतीला कामासाठी दूर खेड्यात पाठवले होते, म्हणून चार वर्षांच्या मुलीला बालगृहात ठेवून त्यांना जावे लागले. आमच्यापैकी अनेकांचे वडील असेच जातात, त्यामुळे हे वाचताना मी जरा थांबलो.

उकळल्याने हरवलेले औषध

तू यूयूंच्या गटाने जुने ग्रंथ चाळले, वयस्कर वैद्यांना भेटले आणि दोन हजारांवर नुस्खे गोळा केले. त्यातले ६४० निवडून एक वही तयार केली. मग सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क काढून मलेरिया झालेल्या उंदरांना देऊन पाहिले. त्यात छिंगहाओ नावाची एक वनस्पती होती. शास्त्रीय नाव आर्टिमिसिया अॅन्युआ. चैत्रात जोतिबाला आपण जो दवणा वाहतो, तो याच आर्टिमिसिया कुळातला. माझे गाव जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे हे वाचल्यावर आधी दवण्याचा वासच आठवला. पण दोन्ही वनस्पती वेगळ्या आहेत आणि दवण्याने मलेरिया बरा होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

छिंगहाओच्या एका अर्काने उंदरांमधले परजीवी ६८ टक्के रोखले. सगळ्यांना आनंद झाला. पण प्रयोग परत केला तेव्हा आकडा १२ ते ४० टक्क्यांवर आला. इथे मला आमच्या फिजिक्स प्रॅक्टिकलची आठवण झाली. रीडिंग जुळले नाही की आम्ही जुळणारे रीडिंग वहीत ठेवतो आणि दुसरे खोडतो. तू यूयूंनी उलटे केले. आकडा का घसरला, हाच प्रश्न त्यांनी धरून ठेवला.

त्या पुन्हा जुन्या ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातल्या गे होंग नावाच्या वैद्याचे तातडीच्या उपचारांवरचे एक पुस्तक आहे. त्यात तापासाठी छिंगहाओ वापरण्याची कृती दिली आहे. मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवायचा, पिळायचा आणि तो रस प्यायचा. यात उकळण्याचा उल्लेखच नाही. चिनी वैद्यकात काढे सहसा उकळून करतात, आणि प्रयोगशाळेतही अर्क उष्णता देऊनच काढला जात होता. तू यूयूंच्या मनात आले, उष्णतेनेच औषध नष्ट होत असेल तर?

त्यांनी पाण्याऐवजी ईथर वापरले. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळते, म्हणजे फार तापवावे लागत नाही. शिवाय औषध पानांत असते, देठांत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. अर्कातला विषारी आम्ल भागही त्यांनी वेगळा काढून टाकला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ व्या क्रमांकाच्या नमुन्याची उंदरांवरची चाचणी झाली. निकाल आला १०० टक्के. माकडांमध्येही तसाच निकाल आला.

हे काम कशा परिस्थितीत झाले तेही सांगायला हवे. औषध कारखाने बंद होते, म्हणून घरात पाणी साठवायच्या मोठ्या रांजणांत ईथर ओतून अर्क काढला. हवा खेळती राहण्याची धड सोय नव्हती. ईथरच्या वाफेने अनेकांची तब्येत बिघडली. खुद्द तू यूयूंच्या यकृताला त्रास झाला.

इथे आमच्या बायॉलॉजीच्या सरांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली. जुन्या पुस्तकात लिहिले होते म्हणून औषध सिद्ध झाले, असे नाही. त्या पुस्तकातून फक्त एक धागा मिळाला. त्याच ग्रंथांतले इतर शेकडो नुस्खे उंदरांवर चालले नाहीत. कोणता चालतो आणि कोणता नाही, ते प्रयोगाने ठरले.

आधी स्वतः

उंदरात चालले म्हणून माणसाला द्यायचे का? काही प्राण्यांवरच्या चाचण्यांत दुष्परिणामाची शंका आली होती. संशोधकांत वाद झाला. पण मलेरियाचा हंगाम एकदा संपला की रुग्ण मिळणार नव्हते आणि वर्ष वाया जाणार होते. तेव्हा तू यूयूंनी वरिष्ठांकडे परवानगी मागितली, की आधी औषध मी घेईन. जुलै १९७२ मध्ये त्या आणि त्यांचे दोन सहकारी बीजिंगच्या एका रुग्णालयात दाखल झाले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवडाभर त्यांनी तो अर्क घेतला. त्रास झाला नाही. मग आणखी काही सहकाऱ्यांनी घेतला.

आज असे करत नाहीत. आता मानवी चाचणीचे टप्पे ठरलेले आहेत. पहिल्या टप्प्यात थोड्या निरोगी स्वयंसेवकांवर औषध सुरक्षित आहे का ते पाहतात. दुसऱ्यात थोड्या रुग्णांवर गुण येतो का आणि डोस किती हवा, ते पाहतात. तिसऱ्यात मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन जुन्या औषधाशी तुलना करतात. प्रत्येक टप्प्याला नीतिसमितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती लागते. पण क्रम तोच आहे. आधी प्राणी, मग निरोगी माणूस, मग रुग्ण.

त्याच वर्षी हैनानमध्ये २१ रुग्णांना हा अर्क दिला. ताप झपाट्याने उतरला आणि रक्तातले परजीवी नाहीसे होऊ लागले. सोबत तुलनेसाठी काही रुग्णांना क्लोरोक्वीन दिले होते. त्यांच्यात असा गुण दिसला नाही. तुलना का लागते, हे मला आधी कळत नव्हते. मॅडमनी समजावले. ताप अनेकदा आपोआपही चढतो-उतरतो. बाजूला दुसरा गट नसेल, तर रुग्ण औषधाने बरा झाला की नुसत्या काळाने, हे कसे सांगणार?

नोव्हेंबर १९७२ मध्ये त्या अर्कातून शुद्ध स्फटिक वेगळे झाले. हेच आर्टेमिसिनीन. युनान आणि शानडोंग प्रांतांतल्या संशोधकांनीही स्वतंत्रपणे ते मिळवले. म्हणून हे एकट्या व्यक्तीचे यश नाही, एका फौजेचे आहे.

गोळी चुकली, औषध नाही

१९७३ मध्ये शुद्ध आर्टेमिसिनीनच्या गोळ्या करून रुग्णांना दिल्या. निकाल निराशाजनक आला. प्रयोगशाळेत शंभर टक्के चाललेले औषध दवाखान्यात फसले!

अशा वेळी दोन वाटा असतात. औषध टाकून द्यायचे, किंवा रुग्णांना दोष द्यायचा. तू यूयूंच्या गटाने तिसरी वाट धरली आणि गोळीच तपासली. ती पोटात नीट विरघळतच नव्हती! औषध आत होते, पण बाहेर येत नव्हते. मग तेच स्फटिक कॅप्सूलमध्ये भरून दिले आणि गुण आला.

मला या सगळ्या गोष्टीतला हा प्रसंग सर्वांत जास्त आवडला. मॅडम म्हणाल्या, "प्रयोगशाळा आणि दवाखाना एकमेकांना प्रश्न विचारतात. दोघांपैकी एकच बोलला, तर अर्धेच कळते."

पुढे शांघाय आणि बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या मदतीने या रेणूची रचना उलगडली. १९७७ मध्ये ती प्रसिद्ध झाली, पण लेखावर कोणाचेही नाव नव्हते. त्या काळी तिथे काम गटाच्या नावाने जाई. तू यूयूंचे नाव जगाला ठळकपणे कळायला बराच काळ लागला. २०१५ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांना नोबेल मिळाले. चीनमध्ये राहून केलेल्या कामाला मिळालेले ते विज्ञानातले पहिले नोबेल.

ग्रेनेडची पिन

आता हे औषध काम कसे करते ते पाहू. परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि तिथले हिमोग्लोबिन खातो. हिमोग्लोबिनमध्ये लोह असते, ते मोकळे होते. आर्टेमिसिनीनच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा एक पूल असतो. लोहाशी गाठ पडली की तो पूल तुटतो आणि त्यातून निघणारे तुकडे परजीवीच्या प्रथिनांची मोडतोड करतात. ग्रेनेड कोणी टाकावा आणि पिन शत्रूनेच ओढावी, तसा हा प्रकार आहे. परजीवी जितके जास्त खातो, तितके स्वतःचे नुकसान करून घेतो.

या औषधासारखा वेग दुसऱ्या मलेरियाच्या औषधाला नाही. पण त्यात एक उणीव आहे. ते काही तासांतच शरीराबाहेर जाते. म्हणून आर्टेमिसिनीन एकटेच थोडे दिवस दिले, तर ताप जातो, माणूस उठून बसतो, आणि दोन-चार आठवड्यांनी अनेकांच्या रक्तात परजीवी पुन्हा दिसू लागतात.

हिशेब करून पाहा. आजार जोरात असलेल्या माणसाच्या शरीरात एक लाख कोटीपर्यंत परजीवी असू शकतात. एकावर बारा शून्ये. परजीवीचे चक्र ४८ तासांचे असते आणि एका चक्रात हे औषध त्यांची संख्या ढोबळमानाने दहा हजार पटींनी घटवते. पहिल्या चक्रानंतर उरले दहा कोटी. दुसऱ्यानंतर उरले दहा हजार. ताप तर केव्हाच उतरलेला असतो, कारण इतक्या कमी परजीवींनी ताप येत नाही. पण दहा हजार म्हणजे शून्य नव्हे. ते पुन्हा वाढायला लागतात.

हे उरलेले दहा हजार मारायला दुसरा जवान लागतो, जो सावकाश चालतो पण जागा सोडत नाही. ल्युमेफँट्रीन कित्येक दिवस रक्तात टिकते. तेही चीनमध्येच तयार झाले, तिथल्या लष्करी वैद्यकीय विज्ञान अकादमीत. चौ यीछिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे आर्टिमेथर आणि ल्युमेफँट्रीन एकाच गोळीत आणले. पुढे एका स्विस औषध कंपनीसोबत ही गोळी जगभर गेली. हीच जोडगोळी माझ्या पाकिटात होती.

सोळा ते चोवीस

आता मूळ प्रश्न. हे शोधताना मला जे सापडले, त्याने मी खरेच चपापलो.

ही गोळी आधी सोळाच्याच हिशेबाने दिली जात होती! चार-चार गोळ्यांचे चार डोस. अनेक ठिकाणी ते पुरतही होते. पण थायलंडच्या सरहद्दीवर, जिथे परजीवी जास्त चिवट झाले होते, तिथे काही रुग्णांचा मलेरिया परत येऊ लागला. मग ३५९ रुग्णांवर तुलना केली. काहींना चार डोस, काहींना सहा. १९९९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. चार डोस घेतलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के पूर्ण बरे झाले. तीन दिवसांत सहा डोस घेतलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के.

म्हणजे सोळा गोळ्या घेऊन थांबायचे, हा प्रयोग मी लॉकरमागे गुपचूप करायच्या कितीतरी आधी रीतसर करून झाला होता. त्याचे उत्तरही आले होते. सोळा गोळ्यांवर शंभरातले सतरा जण पूर्ण बरे होत नाहीत. त्या सतरांना पहिल्या आठवड्यात विचारले असते, तर त्यांनीही माझ्यासारखेच सांगितले असते, की मी एकदम ठीक आहे.

तुलनेची ताकद दाखवणारा आणखी एक आकडा सांगतो. चीनमध्येच तयार झालेले आर्टेसुनेट हे औषध गंभीर रुग्णाला शिरेतून देता येते. ते जुन्या क्विनीनपेक्षा चांगले आहे का, हे पाहायला भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशियात मिळून १४६१ रुग्णांवर चाचणी झाली. कोणाला कोणते औषध, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले होते, म्हणजे डॉक्टरांच्या मनाचा कल आड येऊ नये. २००५ मध्ये निकाल आला. क्विनीनच्या गटात शंभरामागे २२ जण दगावले, आर्टेसुनेटच्या गटात १५. शंभरामागे सात जीव वाचले.

आता माझ्या चुकीची दुसरी बाजू. अर्धवट औषधाने सगळ्यांत दुबळे परजीवी आधी मरतात आणि चिवट उरतात. डास पुढच्या माणसाकडे नेतो ते हेच. क्लोरोक्वीन असेच निकामी झाले. २००८-०९ च्या सुमारास कंबोडियाच्या पश्चिम भागात आर्टेमिसिनीननेही परजीवी हळू मरू लागल्याचे दिसले. म्हणूनच आर्टेमिसिनीन एकटे देऊ नका, जोडीनेच द्या, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या आठ गोळ्या लपवताना मला वाटले होते, झाला तर त्रास मलाच होईल. खरे तर माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मित्रासाठी, बाबांच्या युनिटमधल्या जवानासाठी, मी एक चांगले हत्यार बोथट करत होतो.

शेवटी थोडे

डॉर्ममध्ये हे सगळे सांगत होतो तेव्हा एक जण म्हणाला, "चीनचे एवढे कौतुक कशाला?" त्याचे वडील उत्तर सरहद्दीवर आहेत, त्यामुळे त्याचा प्रश्न मला समजला. मी त्याला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची आठवण करून दिली. १९३८ मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. औषध आणि डॉक्टर सरहद्द ओलांडतात, डासही ओलांडतो. सरहद्द राखणाऱ्या जवानाला मलेरिया झाला, तर त्याच्या पाकिटातही हेच औषध असते. मित्राला ते पटले की नाही, माहीत नाही, पण त्याने पुढचे ऐकून घेतले.

आजीशी फोनवर बोललो. तिने गुळवेलीचा काढा करून पाठवते म्हटले. मी तिला म्हणालो, "पाठव, पण गोळ्या झाल्यावर." मग तिला गे होंगची गोष्ट सांगितली, उकळल्याने औषध गेले त्याची. ती म्हणाली, "म्हणजे काढा केला की सगळंच येतं असं नाही व्हय." माझ्या अख्ख्या लेखाचा सारांश तिने एका वाक्यात सांगितला.

बाबांशी बोलायला मात्र धीर लागला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "अरे, संध्याकाळी बाह्या खाली केल्या नाहीत तर माझ्या कंपनीत जवानाला जाब द्यावा लागतो. तू तर मिळालेलं औषधच टाकलंस." थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आता लेख नीट लिही."

चीनमध्ये १९४० च्या दशकात दरवर्षी सुमारे तीन कोटी लोकांना मलेरिया होत असे. ३० जून २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने चीन मलेरियामुक्त झाल्याचे जाहीर केले. त्यामागे औषध होते, मच्छरदाण्या होत्या, आणि प्रत्येक रुग्णाचा माग काढणारी माणसे होती. आपल्या देशालाही तिथे पोहोचायचे आहे. त्यासाठी तू यूयूंइतके मोठे काही करता आले नाही, तरी तीन गोष्टी प्रत्येक कॅडेटला जमतील. संध्याकाळी बाह्या खाली. ताप आला की सोंग समजण्याआधी रक्ताची तपासणी. आणि औषध सुरू केले तर शेवटच्या गोळीपर्यंत.

उस्तादांनी माझी रिकामी स्ट्रिप एम. आय. रूमच्या फळ्यावर टाचणीने लावून ठेवली आहे. खाली काही लिहिलेले नाही. ज्याला मोजायचे असेल त्याने मोजावे, चोवीस खाचे आहेत.

कॅडेट, इयत्ता दहावी